थंडरबर्डमधली नको असलेली ॲड्रेस बुक कशी काढायची?

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला आहे आणि लातूर, परभणी, हिंगोली हे जिल्हेही त्याच्याच कार्यक्षेत्रात येतात. त्यामुळे लातूरच्या कॉलेजांच्या ऑफिसातून नांदेडला मेल नेहमीचेच. कॉम्प्युटर तोच, कर्मचारी बदलत राहतात आणि जुन्या ॲड्रेस बुक मागे उरतात. मग दोन अक्षरं टाइप करताच भलताच पत्ता पुढे येतो आणि विद्यार्थ्यांच्या गुणांची फाइल तिसऱ्याच माणसाकडे जाऊ शकते.

मोझिलाचा थंडरबर्ड हा मोफत ईमेल प्रोग्राम वापरात असेल तर हे निस्तरणं सोपं आहे. ॲड्रेस बुक उघडून नको त्या बुकवर राइट क्लिक करायचं. आधी एक्स्पोर्ट, मगच डिलीट. एकदा डिलीट झालेली बुक सहजी परत येत नाही. 'पर्सनल' आणि 'कलेक्टेड' या दोन बुक मात्र निघतच नाहीत, त्यांच्यातले पत्ते तेवढे पुसता येतात. खरा कचरा कलेक्टेडमध्येच साचतो, कारण ज्याला मेल पाठवला त्याचा पत्ता तिथे आपोआप जातो. सेटिंग्जमधल्या 'कंपोझिशन'मध्ये हे बंद करता येतं.

जपायचं ते गुगलसारख्या खात्याशी जोडलेल्या बुकला. अख्खी बुक काढली तर ती फक्त त्या कॉम्प्युटरवरून जाते, खात्यात राहते. पण तिच्यातला एखादा पत्ता डिलीट केला, की तो खात्यातूनही जातो आणि ते खातं जोडलेल्या मोबाइलमधूनही. अशी बुक नको असेल तर आतले पत्ते पुसत बसू नये, बुकच काढावी.