बांगडीच्या भट्टीपासून रासायनिक अभियांत्रिकीपर्यंत

आमच्या नशिराबादला काचेच्या बांगड्या होत असत, हे आजच्या तरुण मंडळींना सांगितले तर पटणार नाही. पण जुन्या इम्पीरियल गॅझेटियरात गावाच्या नोंदीत या धंद्याचा उल्लेख आहे, आणि तो पूर्वीइतका चालत नाही असेही तेथेच म्हटले आहे. काचेला वाळू लागते, विस्तव लागतो, आणि वाळू लवकर वितळावी म्हणून क्षार लागतो. किती क्षार, किती आच, हे भट्टीवरच्या माणसाच्या डोळ्याला ठाऊक असे. अशी हातातली विद्या धंद्याबरोबरच बसते.

विलायतेत क्षाराची गोष्ट निराळ्या वाटेने गेली. तेथे मिठापासून सोडा करण्याचे मोठे कारखाने निघाले. सोड्याबरोबर आम्लाचा धूर निघे. झाडे करपत, माणसे खोकत. लोकांनी ओरड केली तेव्हा १८६३ साली कायदा झाला, की या आम्लवायूपैकी शेकडा ९५ भाग कारखानदाराने अडवलाच पाहिजे. पुढे या कायद्याखाली तपासनीस म्हणून काम केलेल्यांत जॉर्ज डेव्हिस नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या ध्यानात आले, की कारखान्यात माल कोणताही होवो, गाळणे, आटवणे, वाळवणे, ऊर्ध्वपातन करणे या क्रिया सगळीकडे त्याच. १८८७ साली त्यांनी मँचेस्टरला या विषयावर बारा व्याख्याने दिली. म्हणजे या शास्त्राने डोळे उघडले ते व्याख्यानमालेत, हे येथे जमलेल्या श्रोत्यांना ऐकून बरे वाटेल! पुढच्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत पदवीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग काढला. नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था १९४२ ची. मँगनीजच्या खाणींचे मालक डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या देणगीतून ती उभी राहिली. दात्याला आमचा नमस्कार. पण ते मँगनीज ज्यांनी खणले त्यांचीही नावे भिंतीवर कोठे तरी असती तर बरे झाले असते. खानदेशातल्या गरिबाच्या मुलाला मुंबई काय, नागपूर काय, दोन्ही सारखीच दूर. १९९० साली जळगावला विद्यापीठ झाले, १९९४ साली तेथे रासायनिक तंत्रशास्त्राची संस्था निघाली, तेव्हा कोठे ही विद्या एस.टी.च्या पासात बसू लागली. २०१८ पासून त्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. शेजारच्या असोद्याची ही लेक. तिला अक्षरओळख नव्हती.

या अभ्यासात मुलांना आरंभीच एक गोष्ट शिकवतात, मटेरियल बॅलन्स, म्हणजे मालाचा जमाखर्च. आत जेवढे वजन गेले तेवढे बाहेर आले पाहिजे. नाही आले तर ते आत साठले आहे, किंवा कोठून तरी निसटले आहे. आम्ही शाळा लवकर सोडलेली माणसे. हा नियम आम्हांला या मुलांच्या वह्यांतून कळला, आणि त्याची किंमत त्यांच्यापेक्षा आम्हांला अधिक. कारण निसटलेले कोणाच्या छातीत गेले, याला त्या वहीत रकाना नाही.

तो रकाना भोपाळने दाखवला. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले आणि झोपेतल्या वस्त्यांवर विषारी वायू पसरला. टाकीत काय आहे, ते सुटले तर काय करावे, हे त्या वस्त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. मग १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोक्याच्या प्रक्रियेची माहिती कामगारांना, आणि कामगारांनाच नव्हे तर शेजारच्या वस्तीलाही देणे मालकावर बंधनकारक ठरले.

कागदावर ते ठरले खरे, पण माहितीचे तक्ते बहुधा इंग्रजीत असतात. सुट्टीत घरी आलेली मुले आमच्या बैठकीला येतात, तक्ता मराठीत समजावून सांगतात, फळ्यावर जमाखर्च मांडतात. मग पाळीवरचा एखादा जुना माणूस उठतो आणि पावसाळ्यात कोणता व्हॉल्व्ह गळतो ते त्यांना सांगतो. मुले तेही वहीत उतरवून घेतात.