जामखेड: पेशंट कमी करायला निघालेलं हॉस्पिटल

इतिहास म्हटलं की आपण किल्ले, लढाया आणि तह यांच्या बाहेर फारसे पडतच नाही. आज मात्र गोष्ट एका दवाखान्याची आहे.

सुरुवात घरातून करतो. माझी मावशी आशा सेविका आहे. गेल्या दिवाळीत सहज तिची पिशवी उघडून बघितली. आत थर्मामीटर, बाळाचा वजनकाटा, ओआरएसची पाकिटं आणि एक जाडजूड रजिस्टर. मी विचारलं, "मावशी, गावातल्याच बाईला असं शिकवून घरोघर पाठवायचं, हे मुळात सुचलं कुणाला?" ती म्हणाली, "सरकारला, अजून कुणाला!" मग मी वाचत गेलो. या कल्पनेचे धागे बरेच आहेत, पण त्यातला एक मोठा धागा थेट जामखेडला जातो.

डॉ. रजनीकांत आरोळे राहुरीचे, डॉ. मेबल आरोळे जबलपूरच्या. दोघं वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजात शिकले, लग्न केलं आणि खेड्यातच काम करायचं ठरवलं. साठच्या दशकात ते नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये होते. काम चांगलं चाललं होतं, पेशंटची रांग संपत नव्हती. पण त्यांना त्या रांगेचाच त्रास व्हायला लागला. जुलाबाने सुकलेलं पोर यायचं, सलाइन लावून बरं व्हायचं, घरी जाऊन तेच पाणी प्यायचं आणि परत यायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग तसाच, आपण नुसतं रीस्टार्ट मारतोय.

मग दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० मध्ये जामखेडला पोचले. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. दुष्काळी भाग. सुरुवात झाली ती गुरांच्या जुन्या, बंद पडलेल्या दवाखान्यात!

गावोगावी बैठका घेतल्या तेव्हा लोकांच्या यादीत आरोग्य वर नव्हतंच. आधी अन्न, आधी पाणी. त्यात १९७२ चा दुष्काळ आला. (आजी-आजोबांना विचारा, सुकडी आणि लाल ज्वारी लगेच आठवेल.) मग दवाखान्याच्या माणसांनी मुलांच्या जेवणाची सोय केली, बोअर घेतल्या, हातपंप बसवले. हे पंप शक्य तिथे दलित वस्तीत बसवले गेले. म्हणजे पाणी हवं असेल तर बाकीच्या गावाने तिकडे जायचं. कागदावर ही फक्त पंपाची जागा, पण ज्या गावात विहिरीवर कुणी चढायचं हे जातीवर ठरत होतं, तिथे ही केवढी मोठी गोष्ट! तरुणांशी ओळख वाढवायला डॉक्टर त्यांच्याबरोबर व्हॉलीबॉल खेळायचे. त्यातूनच पुढे शेतकरी मंडळं उभी राहिली आणि नंतर महिला मंडळं.

आता मुख्य मुद्दा. गावात रोज लक्ष कोण ठेवणार? आधी शिकलेल्या नर्स पाठवून बघितल्या. जमलं नाही. परक्या गावात एकटीने राहणं त्या मुलींना अवघड आणि तरण्या पोरीचं ऐकणं गावाला अवघड. तेव्हा एका सरपंचाने सुचवलं, आमच्याच गावातली बाई शिकवा की!

अशा ज्या बाया आल्या, त्यांतल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कुणी दलित, कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली. गाव ज्यांना मोजत नव्हतं, त्याच. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, सगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवायच्या, एकाच खोलीत झोपायच्या. हे एकत्र जेवणंही पहिल्या दिवशी सोपं नव्हतं. शिकायच्या काय? गरोदर बाईला कसं तपासायचं, बाळंतपणात नाळ कापायचं ब्लेड आणि दोरा उकळून का घ्यायचा, अंगावरचा बधिर चट्टा दिसला तर कुष्ठरोगाची शंका कशी घ्यायची. जुलाब झालेल्या पोराचं पाणी तोडायचं नाही, उलट द्यायचं: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. परत जाऊन गावाला सांगायचं, आणि पुढच्या आठवड्यात येऊन काय फसलं तेही सांगायचं.

बघा, हॉस्पिटल गावाला काहीतरी 'परत देतं' म्हटलं की आपल्याला फुकट तपासणी शिबिर आणि बॅनर आठवतो. वाईट नाही ते. पण शिबिर उठलं की ज्ञान डॉक्टरबरोबर गाडीत बसून जातं. इथे डॉक्टरांनी तेच गावात ठेवलं. ऑपरेशनची वेळ आली तर मागे हॉस्पिटल होतंच.

फरक किती पडला? जामखेडच्या कामाच्या गावांमध्ये १९७१ साली जन्मलेल्या दर १००० बाळांपैकी १७६ पहिल्या वाढदिवसाआधी जायची. १९७६ मध्ये हा आकडा ५२ वर आला, नव्वदच्या दशकात वीस-पंचविसाच्या आसपास. पहिली मोठी घसरण फक्त पाच वर्षांतली आहे. याच्यात पाणी, अन्न, लसी सगळंच आलं, एकट्या बायांचं श्रेय नाही. पण त्यांच्याशिवाय यातलं काही घरात पोचलं नसतं, असं मला वाटतं.

१९८८ मध्ये यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनला एका मोठ्या परिषदेत बोलल्या. सभागृहात झुंबरं लखलखत होती. त्यांनी पर्समधून दोन साध्या पणत्या काढल्या, एक पेटवली आणि तिच्यावरून दुसरी. झुंबर म्हणजे मोठे डॉक्टर, सुंदर पण महाग. आणि त्याला दुसरं झुंबर पेटवता येत नाही, असा त्यांचा मुद्दा. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते म्हणे.

तोपर्यंत जामखेड जगाला माहीत झालं होतं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात या कामावर प्रकरण आलं, १९७८ मध्ये अल्मा-अताच्या परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' ठरलं, १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. आणि २००५ पासून देशभर आशा आल्या.

इथे माझी जरा तक्रार आहे. आपण गावातली बाई घेतली, पिशवी घेतली. पण दर आठवड्याचं ते शिकणं आणि चूक सांगायची हक्काची जागा? मावशीला मोजक्या दिवसांचं प्रशिक्षण मिळालं, बाकी रजिस्टर आणि आता मोबाईल ॲप. मानधनासाठी २०२३-२४ च्या संपात तीही बसली होती. जामखेडच्या बायाही पगारी नव्हत्या हे खरं, पण त्यांना शेळ्या, छोटा धंदा यांसाठी कर्ज मिळवून देऊन पायावर उभं करायचा प्रयत्न झाला होता. 'स्वयंसेविका' हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो.

हा भाग मावशीला ऐकवला. तिने मध्येच थांबवून विचारलं, "दर आठवड्याला? आणि जेवण तिथेच?"

चला, भेटू पुढच्या भागात.