हिवाळ्यात पाळणे कोणासाठी फिरतात?

कानात इअरफोन घालायचा कंटाळा आला असेल, तर आजचा भाग निवांत वाचून काढा.

आजचा प्रश्न साधा आहे. अम्युझमेंट पार्क हिवाळ्यात बंद का असतं?

आपल्याकडे हा प्रश्न ऐकून लोक म्हणतील, कोण बंद ठेवतं? हिवाळा म्हणजे तर आपला जत्रांचा सीझन. पाऊस संपलेला, खरीप घरात आलेलं, रस्ते कोरडे, हवा छान. माळेगावचा खंडोबा, साताऱ्याकडचं पाल, मांढरदेव, कोकणात आंगणेवाडी, या सगळ्या जत्रा साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात. आकाशपाळणा, ब्रेकडान्स, मौत का कुआँ हे सगळं तेव्हाच गावोगाव फिरत असतं. सामान बांधून ठेवायचं ते पावसाळ्यात.

युरोपात हे चक्र बरोबर उलटं आहे. तिथली जत्रा उन्हाळ्याची. थंडी पडली की पाळण्यावर ताडपत्री आणि फाटकाला कुलूप. पिढ्यान् पिढ्या हेच चाललं. मग गेल्या तीस-चाळीस वर्षांत एकेका पार्कनं ते कुलूप काढायला सुरुवात केली. ते कसं काढलं, कोणासाठी काढलं आणि त्याची किंमत काय, ही आजची गोष्ट. माझ्या मते यात सगळ्यात जास्त फायदा झाला तो उंची मोजायच्या पट्टीखाली राहणाऱ्या छोट्या पोरांचा. कसा, ते बघू.

सुरुवात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमधून. १८४३ साल. गेऑर्ग कार्स्टन्सन नावाचा एक हौशी माणूस राजा आठव्या ख्रिश्चनकडे गेला आणि शहराच्या तटबंदीबाहेरची जागा त्यानं करमणुकीच्या बागेसाठी मागितली. लोक मजा करत असले की राजकारणाचा विचार करत नाहीत, असं त्यानं राजाला पटवलं, अशी गोष्ट सांगतात. परवानगी मिळाली. १५ ऑगस्ट १८४३ ला टिव्होली उघडलं. आजही ते तिथंच आहे. बागेतलं तळं हा जुन्या तटबंदीच्या खंदकाचाच तुकडा आहे.

त्या वेळच्या टिव्होलीत होतं काय? आजच्यासारखे अजस्र रोलर कोस्टर डोक्यातून काढून टाका. फुलझाडं, संगीत, खाण्यापिण्याच्या जागा, फटाके, काही साधे खेळ आणि रंगीत दिवे. अंधार पडला की दिवे लागायचे आणि लोक नुसते फिरायचे. ‘बघायला जाणं’ हीच मजा.

पहिल्याच वर्षी तिथं जाऊन आलेल्यांत हान्स ख्रिश्चन अँडरसन होता. लहान मुलांच्या परीकथा लिहिणारा तोच. ऑक्टोबर १८४३ मध्ये टिव्होलीत जाऊन आल्यावर त्यानं चीनच्या बादशहाची आणि गाणाऱ्या पक्ष्याची गोष्ट लिहायला घेतली. टिव्होलीतली चिनी पद्धतीची सजावट त्याच्या डोक्यात होती, असं मानतात. हा पक्षी लक्षात ठेवा, तो पुढे परत भेटणार आहे.

पण ही बाग उन्हाळ्याची. जवळजवळ दीडशे वर्षं रिवाज हाच, की वसंतात फाटक उघडायचं आणि शरदात मिटायचं. हिवाळा सुना.

मधल्या काळात जगभरच्या बागांमध्ये यंत्रं आली. टिव्होलीतच १९१४ साली लाकडी रोलर कोस्टर आला. तो आजही चालतो आणि गाडीत बसलेला ब्रेकवाला हातानं ब्रेक लावतो. पुढे लोखंडी रुळांचे, उलटं फिरवणारे कोस्टर आले. बाग मागे पडली, राइड पुढे आली. पार्क मोठं की छोटं, हे सगळ्यात उंच राइडवरून ठरायला लागलं.

आणि इथंच हिवाळ्याचं गणित आणखी अवघड झालं. कारण थंडीशी दिव्यांचं जमतं, फुलझाडांचंही कसंबसं जमतं, पण कोस्टरचं अजिबात जमत नाही. वरच्या चढावरून सोडलेली गाडी पुढचं सगळं अंतर आपल्याच वेगावर कापते. थंडीत चाकांवरचं प्लॅस्टिकसारखं आवरण कडक होतं, ग्रीस घट्ट होतं, घर्षण वाढतं. वेग कमी पडला, तर गाडी पुढचा चढ चढत नाही आणि मधल्या खोलगट भागात अडकून बसते. आत माणसं, बाहेर बर्फाळ वारा. म्हणून ठरावीक तापमानाखाली मोठे कोस्टर चालवतच नाहीत. पाण्याच्या राइडचं तर विचारूच नका. पाणी गोठलं की पाइप फुटतात.

म्हणजे हिवाळ्यात पार्क उघडायचं, तर ज्याची जाहिरात करता तेच बंद ठेवावं लागणार. मग येणार कोण?

अमेरिकेत हा प्रयोग लवकर झाला. ओहायो राज्यात ‘किंग्ज आयलंड’ नावाचं मोठं पार्क आहे, १९७२ मध्ये उघडलेलं. तिथं आयफेल टॉवरची एक प्रतिकृती आहे, मूळ टॉवरच्या साधारण एक तृतीयांश उंचीची. १९८२ मध्ये त्यांनी ‘विंटरफेस्ट’ सुरू केला. टॉवरला दिवे लावून त्याचं ख्रिसमस ट्री केलं, मधल्या कारंज्याच्या जागी बर्फावर स्केटिंग. कल्पना झकास. तरी १९९२ नंतर तो बंद झाला. २००५ मध्ये एकदा परत केला, पुन्हा थांबला आणि मग थेट २०१७ मध्ये नव्यानं सुरू झाला. उत्सव भरवणं एक आणि लोकांना दरवर्षी यायची सवय लावणं वेगळं, एवढं यावरून दिसतं.

ती सवय टिव्होलीनं लावली. १९९४ च्या हिवाळ्यात पहिल्यांदा ‘टिव्होलीतला ख्रिसमस’ भरला. लाकडी टपऱ्या, गरम पेयं, बदामाची चिक्की म्हणावी तसले साखरेत घोळवलेले बदाम आणि दिवेच दिवे. तेव्हापासून नोव्हेंबरच्या मध्यापासून नवं वर्ष उजाडेपर्यंतचा हा दुसरा सीझन पक्का झाला. २००६ पासून ऑक्टोबरमध्ये हॅलोवीनसाठी आणि २०१८ पासून फेब्रुवारीतही बाग उघडायला लागली.

इथं का जमलं? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण जागा. टिव्होली शहराच्या मधोमध, मुख्य रेल्वे स्टेशनला लागून आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर दादर स्टेशनातून बाहेर पडावं आणि समोर पार्क. त्यासाठी अख्खा दिवस काढायची गरज नाही.

दुसरं कारण सूर्य. डिसेंबरच्या शेवटी कोपनहेगनला दुपारी पावणेचारच्या आधीच सूर्य मावळतो. दिवस जेमतेम सात तासांचा. आईबाप कामावरून सुटून पाळणाघरातून पोराला घेतात, तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. आता तीन वर्षांच्या पोराला घेऊन या वेळी जायचं कुठं? घसरगुंडीची बाग ओली आणि अंधारी. मॉलमध्ये किती वेळा जाणार? घरात कोंडून बसलं की पोर भिंतीवर चढतं आणि आईबाप एकमेकांवर डाफरतात. अशा संध्याकाळी लाखभर दिव्यांची बाग उघडी असणं ही चैन राहत नाही. त्या घराला ती श्वास घ्यायची जागा असते. डेन्मार्कमध्ये बाळंतपणाची रजाही जवळपास वर्षभर मिळते, म्हणजे बाबागाडी ढकलत दिवसाढवळ्या फिरणारे आईबापही शहरात भरपूर असतात.

तिसरं कारण तिकीट. टिव्होलीत प्रवेशाचे पैसे वेगळे आणि राइडचे वेगळे. नुसतं फिरायचं असेल, तर फक्त प्रवेशाचं भरा. वर्षाचा पासही मिळतो. तासभर येऊन गेलं तरी पैसे वाया गेले असं वाटत नाही. आणि लहान पोर असलं की बाहेर पडणं तासाभराचंच असतं, हे ज्यांच्या घरी पोर आहे त्यांना सांगायला नको.

आता पट्टीच्या मुद्द्यावर येतो. मोठ्या कोस्टरला उंचीची अट असते, कुठं एक मीटर, कुठं एक मीटर वीस सेंटिमीटर. थंडीमुळे ती राइड बंद पडली, तर खट्टू होणार कॉलेजची पोरं. तीन वर्षांच्या पोराला ती तशीही मिळणार नव्हती! त्याला हवा असतो घोड्यांचा गोल पाळणा, दिवे, हातात काहीतरी गोड आणि डुलणारं एखादं अस्वल. यातलं काहीही थंडीनं अडत नाही. मी माझ्या भाचीला जत्रेत नेतो, तेव्हा ती आकाशपाळण्याकडे मान वर करूनही बघत नाही. फुगेवाला आणि फिरणारे दिवे यांच्यात तिची संध्याकाळ संपते.

म्हणजे हिवाळ्यानं पार्कला एक गोष्ट करायला भाग पाडलं. यंत्रं बाजूला ठेवून परत बाग व्हायला. १८४३ ची बाग: दिवे, संगीत, खाणं, फिरणं.

हीच गोष्ट नेदरलँड्समध्ये आणखी ठळक दिसते. काट्सहूवल नावाच्या गावाजवळ एफ्टेलिंग नावाचं पार्क आहे. ३१ मे १९५२ ला तिथं परीकथांचं जंगल उघडलं. चित्रकार अँटन पीकनं ते रेखाटलं आणि हलत्या-बोलत्या करामती पीटर रायंडर्सनं बसवल्या. झाडांमधून चालत जायचं आणि वाटेत एकेक गोष्ट भेटायची. सुरुवातीच्या त्या गोष्टींमध्ये अँडरसनचा तोच गाणारा पक्षी होता! टिव्होलीची सजावट बघून सुचलेली गोष्ट १०९ वर्षांनी दुसऱ्या देशातल्या बागेत येऊन बसली. शेजारी होती होले मावशीची विहीर. जर्मन लोककथेत ही मावशी पिसांची गादी झटकते आणि पृथ्वीवर बर्फ पडतो. हिवाळ्याची गोष्ट बागेत पहिल्यापासून होती, फक्त हिवाळ्यात ती ऐकायला कोणी नसायचं.

१९८१ मध्ये एफ्टेलिंगनं ‘पायथन’ नावाचा लोखंडी कोस्टर आणला, मोठ्या पोरांना ओढायला. पण त्याच काळात त्यांनी छपराखालच्या राइडही बांधल्या. १९८६ मध्ये ‘फाता मोर्गाना’, १९९३ मध्ये पऱ्यांच्या राज्यातून नेणारी ‘ड्रोमफ्लुख्त’, म्हणजे स्वप्नांची भरारी. आत बसा, बाहेर पाऊस पडो की बर्फ. १९९९ मध्ये ‘विंटर एफ्टेलिंग’ सुरू झालं, तेव्हा शेकोट्या, बर्फावर घसरायची जागा, परीकथांचं जंगल आणि या छपराखालच्या राइड असा ऐवज तयार होता. आणि २०१० पासून तर एफ्टेलिंग वर्षभर, रोज उघडं असतं.

आता किंमत. हिवाळ्यातलं कुलूप कोणी आळसानं लावत नव्हतं. त्या महिन्यांत मेंटेनन्सवाले कोस्टरच्या गाड्या सुट्या करायचे, एकेक भाग तपासायचे, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा शोधायचे. वर्षभर पार्क उघडं ठेवायचं, तर हे काम पाळीपाळीनं करावं लागतं. आज ही राइड बंद, पुढच्या महिन्यात ती. एफ्टेलिंगसारख्या ठिकाणी एकाच तिकिटात सगळं असतं. म्हणजे लांबून आलेल्या कुटुंबाला पूर्ण पैसे भरून काही दारांवर ‘दुरुस्ती चालू’ची पाटी बघावी लागते. म्हणून बंद राइडची यादी आधी जाहीर करणं हा उपकार नाही, कर्तव्य आहे.

दुसरी किंमत माणसांची. सहा महिन्यांचं काम बारा महिन्यांचं झालं की काहींना कायमची नोकरी मिळते, ही चांगली गोष्ट. पण नाताळच्या संध्याकाळी गोल पाळण्याचं बटण दाबणाऱ्या माणसाच्या घरीही पोर असू शकतं. सगळ्यांच्या सुट्टीत कोणीतरी कामावर असतंच. आपल्याकडे जत्रेत पाळणे लावणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

एवढं धरूनही मला हिशेब जमेचा वाटतो, एका अटीवर. सीझन वाढवायचा, तर तो छोट्यांच्या वेळापत्रकानं वाढवा. लवकर उघडा, बसायला उबदार जागा द्या, बाळाचे कपडे बदलायला कोपरा द्या, तासाभरासाठी येणाऱ्यालाही परवडेल असं तिकीट ठेवा. नुसतेच दिवे लावून उन्हाळ्याचं तिकीट हिवाळ्यात विकलंत, तर तो फक्त वाढीव गल्ला. लोक एकदा येतील, फोटो काढतील आणि पुढच्या वर्षी घरी बसतील.

आपल्याकडे हाच प्रश्न पावसाळ्यात पडतो. जून ते सप्टेंबर चार महिने छोट्या पोरांना घेऊन जायचं कुठं? आपला ‘हिवाळा’ तोच आहे. त्यावर उत्तर शोधायचं असेल, तर उंच राइडकडे न बघता आधी छप्पर, दिवे आणि गोष्टी यांच्याकडे बघावं लागेल.

तुमच्या गावात किंवा शहरात भर पावसात तीन वर्षांच्या पोराला नेता येईल अशी एखादी जागा आहे का? असेल तर नक्की कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. तोवर काळजी घ्या, भेटूच!