नोकरनामा: ग्लास भरणाऱ्या हाताचा कागद

नांदेड सोडून लातूरच्या रस्त्याला लागले की विष्णुपुरी येते. गोदावरीवरचा उपसा सिंचन प्रकल्प, अभियांत्रिकी महाविद्यालय, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सगळे याच परिसरात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वर्दळीच्या रस्त्यासारखे या मार्गावरही ‘परमिट रूम’चे फलक दिसतात. कायद्याने बघितले तर अशा खोलीत तीन परवाने लागतात. मालकाचे एफएल-3 लायसन भिंतीवर चौकटीत लावलेले असते. टेबलाशी बसलेल्याकडे पिण्याचा परवाना हवा. आणि ग्लास भरून आणणाऱ्याच्या नावाचा हवा नोकरनामा. तिसऱ्या कागदाचे नाव बहुतेक गिऱ्हाइकांनी ऐकलेलेही नसते, पण त्याची कुळी जुनी आहे.

ती सुरू होते सरकारी तिजोरीपासून. मुंबई इलाख्यात 1878 साली आबकारी कायदा आला. आबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांनी गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू मोजक्या ठिकाणी गाळायची आणि बाहेर पडतानाच तिच्यावर कर घ्यायचा, अशी घडी बसवली. उरण हे त्यातले मोठे केंद्र. गावातल्या माणसाने घरी मोहाची दारू गाळणे हा गुन्हा ठरला, इतका की 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आणणारा कायदा झाला. दारू विकण्याचा हक्क आता फक्त लायसनदाराचा. पण लायसनदार दिवसभर दुकानात थोडाच बसणार? माप भरणार त्याचा नोकर, आणि हिशेबात खोट झाली तर तीही त्याच्याच हातून. म्हणून शर्त मोडली की कायदा लायसनदाराला धरी, तसा त्याच्या चाकरीतल्या माणसालाही. दुकानात कोण उभा आहे हे सरकारला ठाऊक असण्याची निकड इथलीच.

नांदेड-लातूरचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथला आबकारी कायदा 1316 फसलीचा, म्हणजे 1906-07च्या सुमाराचा. शिंदीच्या झाडांवर कर आणि दुकानांचा हर्रास, अशी तिथली रीत. बोली जिंकणारा तो गुत्तेदार. मराठवाड्यात आजही रस्त्याच्या वा इमारतीच्या कंत्राटदाराला गुत्तेदारच म्हणतात आणि दारूच्या दुकानाला गुत्ता.

मोठे वळण आले स्वातंत्र्यानंतर. मोरारजी देसाईंच्या आग्रहाने मुंबई राज्याने 1949 साली दारूबंदी कायदा केला आणि 6 एप्रिल 1950 पासून पूर्ण बंदी आली. बंदीतही फट होती ती परवान्याची. डॉक्टरांच्या दाखल्यावर प्रकृतीसाठी पिणारा किंवा परदेशी पाहुणा असेल तर त्याला परमिट मिळे. अशा परमिटवाल्यांना दारू देण्याची हॉटेलातली जागा म्हणजे परमिट रूम. मराठवाडा 1956 साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1959 मध्ये हा कायदा इथेही लागू झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदी सैल होत गेली. 1973 च्या नियमांनी देशी दारूच्या दुकानांची घडी बसली. पण पायाचा कायदा बदलला नाही. म्हणून आजही महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो. एका दिवसाच्या परवान्याचे शुल्क वर्षानुवर्षे देशीला 2 रुपये आणि विदेशीला 5 रुपये राहिले.

नोकरनामा याच चौकटीत बसतो. लायसनदाराने उत्पादन शुल्क विभागाकडे नोकराचे नाव द्यायचे, विभागाने ते मंजूर करायचे आणि काउंटरवर त्याच माणसाने उभे राहायचे. निरीक्षक तपासणीला आला की बाटल्यांचा साठा आणि नोंदवही यांचा मेळ बघतो, तसा काउंटरवरच्या माणसाचा आणि नोकरनाम्याचाही. मात्र समोरचा तर्र झाला हे ओळखायचे कसे, त्याला ‘आता बस’ म्हणायचे कधी, मिसरूड न फुटलेल्या पोराला वयाचा पुरावा मागायचा कसा, यातले काहीच तो कागद मिळवताना शिकवले जात नाही.

दारू कोणी द्यावी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला. दिल्लीत लागू असलेल्या 1914 च्या पंजाब आबकारी कायद्याने पिण्याच्या जागी स्त्रियांना आणि 25 वर्षांखालच्या पुरुषांना कामावर ठेवायला मनाई होती. अनुज गर्ग खटल्यात डिसेंबर 2007 मध्ये न्यायालयाने स्त्रियांवरची मनाई घटनाबाह्य ठरवली. सुरक्षेच्या नावाखाली स्त्रीची रोजी काढून घेता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा.

नोकरनाम्यातली खरी उणीव 2017 मध्ये उघडी पडली. महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2016 रोजी दिला. 1 एप्रिल 2017 पासून रस्त्यांवरच्या परमिट रूम बंद पडल्या. 20 हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी अंतर 220 मीटरवर आले, जुलैत शहरांच्या हद्दीलाही मोकळीक मिळाली. मालकाला स्थलांतराचा अर्ज करता आला. वेटरच्या हाती काय उरले? त्याचा नोकरनामा मालकाच्या लायसनला बांधलेला. दुकान मिटले की कागदही मिटला, आणि दहा वर्षांच्या अनुभवाची नोंद कुठेच नाही.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ही गाठ वेगळी आहे. तिथला परवाना वाढणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर असतो आणि पाच वर्षे चालतो. तो घेण्याआधी वर्ग करावा लागतो: ओळखपत्र तपासणे, नशेची लक्षणे ओळखणे, पुढचा ग्लास नाकारणे. नोकरी बदलली तरी परवाना त्याच्याबरोबर जातो.

महाराष्ट्राने नोकरनाम्याला असा एका दिवसाचा वर्ग जोडावा आणि तो कामगाराच्या नावावर करावा. विष्णुपुरीत तर त्यासाठी फार लांब जायला नको. दारू पिऊन गाडी चालवल्याने काय होते हे ज्यांना रोज बघावे लागते ते डॉक्टर इथल्याच शासकीय रुग्णालयात आहेत. नशेची लक्षणे त्यांनी शिकवावीत, कायदा उत्पादन शुल्कच्या निरीक्षकाने सांगावा, आणि गिऱ्हाइकाला न चिडवता नाही कसे म्हणायचे हे एखाद्या मुरलेल्या वेटरने.