'कमी केले' : नोकरी जाण्याच्या मराठी शब्दांचा इतिहास

गेल्या काही वर्षांत आमच्या वर्गात एक वाक्य वारंवार ऐकू येऊ लागले आहे. फी उशिरा भरणारा, मध्येच आठ दिवस गावी जाणारा विद्यार्थी कारण सांगताना खाली पाहून म्हणतो, "भावाला कंपनीनं कमी केलं." भाऊ पुण्याला, चाकणला किंवा हिंजवडीला असतो. लातूर-नांदेडकडच्या अनेक घरांचा निम्मा संसार आता अशा एखाद्या भावाच्या पगारावर चालतो. आम्ही भाषेचे अध्यापक. म्हणून या वाक्यातील 'कमी केलं' या शब्दांपाशी आम्ही थांबलो. काढले नाही, हाकलले नाही, कमी केले. जणू माणूस नव्हे, एखादी संख्या. नोकरी जाण्याला मराठीत कोणकोणते शब्द आले, ते कोणी दिले आणि ज्यांची नोकरी गेली त्यांना त्या शब्दांनी काय करू दिले, हे थोडे मागे जाऊन पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या भागातील सर्वांत जुना शब्द 'सालगडी' हा आहे. सालगड्याचे साल पाडव्याला सुरू होते आणि पाडव्याला संपते. धान्य किती, रोख किती, कपडे-पायताण काय, हे त्या दिवशी ठरते. पुढच्या पाडव्याला मालक त्याला ठेवील की नाही, याची कसलीही हमी नसते. ही व्यवस्था न्याय्य होती असे सुचवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. आगाऊ उचल घेतलेला गडी फिटेपर्यंत बांधलेलाच राहत असे, आणि त्याची जात त्याच्या मजुरीइतकीच ठरलेली असे. परंतु तिच्यातील अनिश्चिततेला एक तारीख होती आणि काढणाऱ्याला एक चेहरा होता. 'पाटलानं यंदा ठेवलं नाही' या वाक्यात कर्ता स्पष्ट आहे. गड्याला राग कोणावर धरायचा हे ठाऊक होते, आणि त्याच्यात काही खोट होती म्हणून साल गेले असे गावही सरसकट मानत नसे. पाऊस नसला की कोणाचेच साल टिकत नाही, हे सर्वांना दिसत होते.

कारखानदारीबरोबर दुसरा शब्द आला, 'बदली'. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. त्यानंतर कोकण आणि घाटावरून आलेल्या माणसांनी गिरणगाव वसवले. या गिरण्यांत कायम कामगारांइतकाच महत्त्वाचा, पण हजेरीपटावर नसलेला एक माणूस असे. तो पहाटे गिरणीच्या दारात येऊन उभा राही. कोणी आजारी पडला, कोणी गावी गेला, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरते काम त्याला मिळे. आत कोणाला घ्यायचे ते जॉबर ठरवी. त्यासाठी जॉबरचा हात ओला करावा लागे, त्याच्या नात्यातले किंवा गावातले असावे लागे. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने आपल्या १९३१ च्या अहवालात जॉबरांच्या या सत्तेवर टीका केली. पुढे १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डे देऊन त्यांच्या भरतीवर नियंत्रण आणण्याची योजना आखली. कार्ड मिळाले, काम मात्र रोजच्या रोजच राहिले.

या दारातही सगळे सारखे नव्हते. विणखात्यात पगार चांगला असे. परंतु धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते, या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. १९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला. एका कामगाराकडे अधिक यंत्रे सोपवून माणसे घटवण्याच्या योजनेला विरोध, हे त्याचे एक मुख्य कारण होते. त्या योजनेला इंग्रजीतून आलेले नावही मोठे सात्त्विक होते. मराठीत त्याचे 'सुसूत्रीकरण' झाले, कोणी 'विवेकीकरण'ही म्हणाले. माणसे काढण्याच्या कृतीला विवेकाचे नाव मिळाल्याचा हा आपल्याकडील एक आरंभीचा दाखला म्हणावा लागेल.

स्वातंत्र्याच्या वर्षी औद्योगिक विवाद कायदा आला. १९५३ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन 'ले-ऑफ' आणि 'कामगार कपात' या दोन गोष्टींच्या व्याख्या झाल्या. तात्पुरते काम नसेल तर निम्मे वेतन; कायमची कपात असेल तर महिन्याची नोटीस आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन; आणि शेवटी आलेला आधी जाईल, हा सर्वसाधारण नियम. हे मोठेच पाऊल होते. नोकरी देणे-काढणे ही मालकाची खासगी मर्जी नाही, हे त्याने मान्य केले. परंतु भाषेच्या अभ्यासकाने या कायद्याचा मूळ इंग्रजी पाठ एकदा अवश्य उघडून पाहावा. ले-ऑफच्या भरपाईचा हक्क सांगतानाच तेथे कंसात अपवाद नोंदवला आहे : बदली कामगार व नैमित्तिक कामगार वगळून. वर्षभर अखंड सेवा भरली तरच बदली कामगार या अपवादातून सुटे. इंग्रजी कायद्यात आपला 'बदली' हा शब्द भाषांतर न होता जसाच्या तसा गेला. कामगाराच्या बोलीतील शब्दाला कायद्याने जागा दिली, ती त्याला हक्कातून वगळण्यासाठी.

१९७६ मध्ये मोठ्या कारखान्यांना कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेणे बंधनकारक झाले. तेव्हा तीनशे कामगारांची अट होती; १९८२ च्या दुरुस्तीने ती शंभरावर आली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा तीनशेवर नेली, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कागदावर तीनशेचा आकडा जेथून निघाला तेथेच परतला. मधल्या काळात शंभर ते तीनशेच्या दरम्यानच्या कारखान्यांत आयुष्य काढलेल्या कामगारांच्या दृष्टीने मात्र हा केवळ आकडा नव्हता.

१९८२ हे वर्ष आपल्या दृष्टीने दोन कारणांनी लक्षात राहण्याजोगे आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. येथे नवी कार्यालये, नव्या नोकऱ्या आणि नव्या आशा आल्या. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत गिरण्यांच्या जागी मॉल व मनोरे उभे राहिले. जयंत पवार यांनी १९९७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकात संपानंतरच्या गिरणगावातील एका चाळकरी कुटुंबाची कथा सांगितली आणि तिला नाव दिले 'अधांतर'. कायद्याच्या, व्यवस्थापनाच्या आणि वृत्तपत्रांच्या साऱ्या परिभाषेपेक्षा हा एक शब्द अधिक नेमका आहे, असे आम्हांस वाटते. कारण तो प्रक्रियेचे नव्हे, अवस्थेचे नाव आहे.

गिरणी बंद पडणे ही केवळ मुंबईची गोष्ट, असा समज आमच्या विद्यार्थ्यांत आढळतो. पण नांदेडलाही गिरणी होती. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाने उभी राहिलेली उस्मानशाही मिल हैदराबाद संस्थानातील नामांकित कापडगिरण्यांपैकी एक. आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाच्या १९७४ च्या कायद्यान्वये देशातील १०३ गिरण्यांबरोबर ती सरकारच्या ताब्यात गेली आणि नांदेड टेक्सटाइल मिल झाली. सरकारी गिरणी म्हणजे आता नोकरीची चिंता मिटली, असे वाटण्याचा तो काळ होता. तीही कालांतराने बंद पडली. मुंबईच्या संपावर नाटके, कविता, चित्रपट झाले. नांदेडच्या भोंग्याची मराठी साहित्याने त्या मानाने फारच थोडी दखल घेतली.

१९९१ च्या आर्थिक धोरणानंतर आलेला शब्द होता 'स्वेच्छानिवृत्ती'. १९९२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन केला. कामगारांचे पुनर्प्रशिक्षण हा त्याचा एक घोषित हेतू होता. प्रत्यक्षात त्यातील मोठा भाग स्वेच्छानिवृत्तीची रक्कम देण्यात खर्च झाला. या शब्दाने केलेली उलथापालथ पाहण्यासारखी आहे. सालगड्याच्या वाक्यात पाटील कर्ता होता. 'कपात' या शब्दात कर्ता अदृश्य झाला, तरी कृती दुसऱ्या कोणाची आहे हे कळत होते. 'स्वेच्छा' या शब्दाने कामगारालाच कर्ता केले. गिरणी बंद होणार हे ठरलेले, परंतु अर्जावर सही त्याची. पुढे पैसे मुलीच्या लग्नात किंवा घरदुरुस्तीत संपले की 'तूच तर सही केलीस' हे बोल घरातूनच ऐकू येत.

संगणक व्यवसायातील आजचा शब्द आहे 'बेंच'. एका प्रकल्पातून मोकळा झालेला आणि दुसरा न मिळालेला अभियंता बेंचवर असतो. त्याला पगार मिळतो, म्हणून त्याची तुलना बदली कामगाराशी पूर्णपणे करता येणार नाही. परंतु दाराशी ताटकळणे तेच, आत घेणाऱ्याची मर्जी राखणेही तेच. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या, मध्यमवर्गाने सरकारी नोकरीइतक्याच भरवशाच्या मानलेल्या कंपनीने सुमारे बारा हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा 'भविष्यसज्ज होणे' ही शब्दयोजना त्या निर्णयाभोवती होती. सुसूत्रीकरणाची ही पणती शोभावी.

हे सारे इतरांविषयी लिहून आम्हांला थांबता येत नाही. आमच्याच स्टाफरूममध्ये 'तासिका तत्त्वावर' हा शब्द रोज वापरला जातो. नेट-सेट झालेले, काही पीएच.डी. असलेले आमचे सहकारी जून-जुलैत मुलाखत देतात, तासांवर मानधन घेतात आणि उन्हाळ्यात त्यांचे साल संपते. या शतकाच्या आरंभी 'कायम विनाअनुदानित' अशी संज्ञा शिक्षणक्षेत्रात रूढ झाली. तिच्यात कायम काय होते, तर अनुदान नसणे. आम्ही कायम असलेले अध्यापक 'आमच्याकडे चार सीएचबी आहेत' असे सहज बोलून जातो. नाव घेत नाही, माणूसही म्हणत नाही. 'कमी केले' म्हणणाऱ्या कंपनीला दोष देताना आमच्या या बोलण्याकडे आम्ही फारसे पाहिलेले नाही, हे मान्य करायला हवे.

मग माणसे अशा काळात तगली कशी? इतिहासात याचे उत्तर आहे. १९२८ मध्ये सहा महिने गिरण्या बंद होत्या, तेव्हा कामगार गावाकडच्या तुटपुंज्या शेतीवर, वाण्याच्या उधारीवर आणि गावकीच्या खोलीवर तगले. गिरणगावातील खाणावळी चालवणाऱ्या बायांनी अडचणीच्या महिन्यांत जेवू घातले. याच बायांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. युनियनचे यशापयश काहीही असो, तिने एक गोष्ट दिली : माझी नोकरी गेली याऐवजी आमची नोकरी गेली असे म्हणण्याची सोय. बेकारीतील भूक ती टाळू शकली नाही, शरम मात्र बरीच वाटून घेतली.

हिंजवडीहून परतलेल्या भावाजवळ नेमके हेच नाही. त्याच्या हप्त्यांची रक्कम त्याला एकट्याला ठाऊक असते. सोबतच्या शंभर जणांना कमी केले, तरी प्रत्येकाला वेगवेगळ्या खोलीत बोलावून सांगितलेले असते. गावात 'सुट्टीवर आलोय' असे तो सांगतो, आणि घरचेही तेच सांगतात. शंभर वर्षांत नोकरी घालवण्याची भाषा जसजशी सौम्य होत गेली, तसतसा तिचा भार काढणाऱ्याकडून निघालेल्याकडे सरकत आला. आपल्यातच काही कमी होते, असे त्याला वाटू लागते. 'कमी केले' या शब्दाचा हा दुसरा अर्थ.

साहित्याच्या अभ्यासाने कोणाची नोकरी परत मिळत नाही. तरीही त्या विद्यार्थ्याला आम्ही दोन गोष्टी सुचवल्या. भावाने राजीनाम्याच्या कागदावर सही केली आहे की कपातीची नोटीस मिळाली आहे, हे आधी नीट पाहावे, कारण हक्क त्यावर ठरतात. आणि घरी सुट्टीचे कारण सांगणे थांबवावे. पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा म्हणाला, "सर, आमच्याच गल्लीत अजून दोघं निघाले." आता ते तिघे मिळून कामगार कार्यालयात चौकशीला जाणार होते.