स्पीकर, जुने : दुरुस्ती व पुनर्विक्री

साधारणपणे १९५० ते १९८० या काळात बनलेले घरगुती स्पीकर दुरुस्त करून विकण्याचा व्यवसाय. एडगर विल्चर यांच्या हवाबंद पेटीच्या रचनेचा ‘एआर-१’ (१९५४, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स) व त्यानंतरचा ‘एआर-३’ हे शौकिनांच्या विशेष आवडीचे.

पुढच्या पिढीच्या स्पीकरांत हमखास बिघडते ती शंकूभोवतीची फोमची कड. दमट हवेत ती पंधरा-वीस वर्षांत कुजते. बोट लावले की चिकट भुगा हाताला लागतो. तो आणि जुना गोंद खरवडून नवी कड चिकटवतात. त्याआधी मधली टोपी कापून कॉइलच्या आतल्या फटीत प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या खोचतात. कॉइल केसभर जरी सरकली, तरी चुंबकाला घासून आवाज खरखरतो. घाईचे हे काम नव्हे. क्रॉसओव्हरमधले (जाड व बारीक सूर वेगळे करणाऱ्या मंडलातले) सुकलेले कपॅसिटरही बदलावे लागतात.

पेटीला पॉलिश करणे सर्वांत सोपे, म्हणूनच फसवे. चकचकीत पेटीत भलताच वूफर (जाड सुरांचा स्पीकर) निघू शकतो. मुंबईच्या चोरबाजारात किंवा कुठेही, मागची फळी किंवा जाळी काढून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अनुक्रमांक लागोपाठ असलेल्या मूळ जोडीला भाव चढा मिळतो. एकट्या स्पीकरला गिऱ्हाईक क्वचितच.