बुलेट-मांडणी, सादरीकरणातील

बुलेट-मांडणी : पडद्यावर दाखवायच्या स्लाइडमधील मजकूर सलग परिच्छेदात न लिहिता प्रत्येक मुद्द्यापुढे ठिपका, अंक किंवा अक्षर देणे, मुद्दा आणि उपमुद्दा यांच्या पायऱ्या डावीकडील समासाने दाखवणे आणि ही चिन्हे, समास, अक्षरांचा आकार व ओळींतील अंतर पहिल्या स्लाइडपासून अखेरच्या स्लाइडपर्यंत एकसारखे ठेवणे, या पद्धतीला ही संज्ञा लावतात. कार्यालयांत स्लाइडांच्या संचाला सर्रास ‘पीपीटी’ म्हटले जाते. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट या कंपनीत घडवलेले व १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आलेले पॉवरपॉइंट त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टकडे गेले, आणि त्याच्या फाइलच्या नावामागील तीन अक्षरेच पुढे सादरीकरणाचे नाव होऊन बसली.

ठिपक्याची पायरी हे मुद्द्याचे महत्त्व ठरवणारे चिन्ह असते, शोभेचे नव्हे. २००३ साली कोलंबिया हे अवकाशयान परतताना नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले, त्याच्या चौकशीत यान अवकाशात असताना दाखवलेली एक स्लाइड पुढे आली. यानावर आदळलेला फोमचा तुकडा १,९२० घनइंचांचा होता, तर चाचण्या ३ घनइंचांच्या तुकड्यावर झालेल्या होत्या, ही त्या स्लाइडवरील सर्वांत गंभीर माहिती तळाशी, खालच्या पायरीच्या ठिपक्यापुढे बारीक अक्षरांत होती, आणि शीर्षक मात्र दिलासा देणारे होते. एडवर्ड टफ्टी यांनी केलेले हे विश्लेषण चौकशी मंडळाच्या अहवालातही घेतले गेले.

तांत्रिकदृष्ट्या ठिपका हे मजकुरातील अक्षर नसून परिच्छेदाचा गुणधर्म असतो. त्याचे चिन्ह, रंग, आकार आणि त्याच्यापासून मजकुराचे अंतर या गोष्टी ‘स्लाइड मास्टर’ या मूळ साच्यात पायरीनिहाय नोंदवलेल्या असतात. टॅब कळीने मुद्दा एक पायरी खाली उतरतो, शिफ्ट व टॅब एकत्र दाबल्यास वर चढतो, आणि शिफ्टसह एंटर दाबल्यास नवा ठिपका न येता त्याच मुद्द्याची पुढची ओळ सुरू होते. पॉवरपॉइंटच्या २०१३ पासूनच्या नेहमीच्या साच्यात पहिल्या तीन पायऱ्यांचे आकार २८, २४ आणि २० पॉइंट असतात. विसंगती शिरते ती बहुधा दोन वाटांनी : चौकटीत न मावणारा मजकूर आज्ञावली आपोआप लहान करते, त्यामुळे गर्दीच्या स्लाइडवरील मुख्य मुद्दा शेजारच्या स्लाइडवरील उपमुद्द्याएवढा दिसू लागतो, आणि वेगवेगळ्या विभागांकडून आलेल्या स्लाइड एका फाइलमध्ये चिकटवताना मूळचे स्वरूप कायम ठेवले, तर प्रत्येक विभागाचा ठिपकाही सोबत येतो. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनासाठी महाराष्ट्र राज्याचा कारभार काही काळ नागपुरात हलतो, तेव्हा अनेक विभागांची माहिती घाईने एकत्र करणाऱ्याला हा दुसरा प्रकार समजावून सांगावा लागत नाही.

देवनागरीत याला आणखी एक पदर आहे. लॅटिन अक्षरे तळरेषेवर बसतात, देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात व त्यांच्या वर-खाली मात्रा, वेलांट्या, रफार आणि उकार येतात. लॅटिन अक्षराच्या मध्यावर बेतलेला ठिपका म्हणूनच मराठी ओळीत किंचित खाली किंवा वर सरकल्यासारखा वाटतो, आणि इंग्रजी नाव आलेल्या ओळीची उंची वेगळी पडू शकते. शिवाय फाइलमध्ये लॅटिन आणि देवनागरीसारख्या ‘जटिल’ लिप्यांसाठी फाँटची नोंद स्वतंत्र असते, त्यामुळे साच्याचा इंग्रजी फाँट बदलला तरी मराठी मजकूर मंगल या फाँटमध्येच राहिल्याचे आढळते. कृतिदेव किंवा शिवाजी यांसारख्या युनिकोडपूर्व फाँटांत लॅटिन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असल्याने, ठिपक्याला मजकुराचाच फाँट लागू झाला तर ठिपक्याऐवजी एखादे भलतेच चिन्हही उमटू शकते.

क्रमाची अक्षरे हा नागपुरात विशेष जाणवणारा प्रश्न आहे. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांत व वऱ्हाड आणि मग मध्य प्रदेश या हिंदी-मराठी राज्यांची राजधानी होते. आज राज्य शासनाची कार्यालये मराठीत, तर केंद्राची कार्यालये १९७६ च्या राजभाषा नियमांनुसार महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात येत असल्याने हिंदी व इंग्रजीत काम करतात, आणि एकाच बैठकीत तिन्ही भाषांतील स्लाइड समोर येणे येथे नवलाचे नाही. हिंदीत उपमुद्दे क, ख, ग असे मोजतात; मराठीत मात्र शाळेच्या तुकडीपासून प्रश्नपत्रिकेपर्यंत अ, ब, क, ड हा क्रम रूढ आहे, जो वर्णमालेचा नसून इंग्रजी क्रमाच्या वळणाने पडलेला आहे. पॉवरपॉइंटमधील स्वयंचलित क्रमांकनात ‘हिंदी’ या नावाखाली देवनागरी अंक, स्वरांचा क्रम आणि व्यंजनांचा क्रम मिळतो. अ, ब, क, ड मिळत नाही. परिणामी मराठी लेखक ही अक्षरे हाताने टंकतो, मधला मुद्दा वगळला की पुढची अक्षरे तशीच राहतात, आणि दुसरी ओळ मजकुराखाली न येता थेट अक्षराखाली सुरू होते. जेथे क्रमाला अर्थ आहे तेथे स्वयंचलित देवनागरी अंक, जेथे नाही तेथे साधा ठिपका, आणि अ, ब, क, ड केवळ मूळ कागदपत्रात तीच अक्षरे असतील तेव्हा, ही विभागणी त्यातल्या त्यात सोयीची ठरते.

विरामचिन्हांतही हाच भेद दिसतो : हिंदी मुद्दा दंडाने संपतो, मराठी मुद्दा पूर्णविरामाने किंवा चिन्हाविना, आणि हिंदी स्लाइडचे मराठीकरण करताना एखादा दंड हमखास मागे उरतो. वाक्यरचनेची एकसूत्रता मात्र कोणताही साचा पुरवू शकत नाही. ‘विहिरींची पाहणी करणे’, ‘अहवाल सादर केला’ आणि ‘निधीबाबत’ हे तीन मुद्दे एकाखाली एक आले, तर पहिले काम व्हायचे आहे, दुसरे झाले आहे आणि तिसऱ्याचे काय झाले हे कळतच नाही, मग त्यांचे ठिपके कितीही सारखे असोत.